पोरांना खर्रा आणायला पाठवू नका

पूर्व विदर्भात वाढलेल्या कोणालाही विचारा की खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याची घोटलेली पुडी, पहिल्यांदा हातात कधी आला, बरेच जण सांगतील की घरच्याच कोणीतरी आणायला पाठवलं होतं तेव्हा. सात-आठ वर्षांचं पोट्टं, हातात नोट, "जा बे, ठेल्यावरून एक खर्रा घेऊन ये, माझं नाव सांग." ठेलेवाल्याला माहीतच असतं कोणाला चुना किती लागतो, तंबाखू किती. पोरगं तिथं उभं राहून बघतं, सुपारीचे तुकडे, तंबाखू, चुना सगळं पन्नीत टाकून घोटतात, आता तर कितीतरी ठेल्यांवर घोटायची मशीनच आली आहे, आणि मग ती पुडी मुठीत धरून ते घरी येतं. अशा पोराला शाळेत कितीही सांगा की खर्रा वाईट, त्याच्यासाठी तो तेल-मिठासारखा घरात लागणारा जिन्नस झालेला असतो.

आपण व्यसनमुक्तीचे कार्यक्रम घेतो ते बहुतेक नववी-दहावीत नाहीतर कॉलेजात, रॅली, पोस्टर, शपथ वगैरे. पण २०१९ साली देशभरातल्या १३ ते १५ वर्षांच्या शाळकरी मुलांचा जो तंबाखू सर्व्हे झाला त्यात दिसलं की चघळायची वगैरे बिनधुराची तंबाखू घेणाऱ्या मुलांपैकी ५२ टक्क्यांनी वयाची दहा वर्षं पूर्ण व्हायच्या आधीच सुरुवात केली होती. दहाच्या आत! म्हणजे तिसरी-चौथीतलं लेकरू. त्या वयात कुठली आलीय वाईट संगत, त्या वयात पोराभोवती आपणच असतो ना, आई-बाप, काका, मामा, शेजारी. आणि नुसती सुपारीसुद्धा कॅन्सर करते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २००४ मध्येच सांगितलंय, त्यात खर्ऱ्यात तंबाखू आणि चुना. तोंड आखडत जातं, हळूहळू तीन बोटं उभी आत जाईनाशी होतात, तिखट लागलं की आग होते, आणि हे आता तरुण पोरांमध्ये दिसतं.

कायदा नाही असं कोणी म्हणू नये. २००३ च्या तंबाखू कायद्याने १८ वर्षांखालच्याला तंबाखू विकता येत नाही, शाळेपासून १०० यार्डाच्या आत तर कोणालाच विकता येत नाही. २०१५ च्या बालन्याय कायद्यात लहान मुलाला दारू किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरी शाळेच्या गेटसमोर ठेला असतोच, कारण तक्रार कोण करणार, ठेलेवाला कोणाचा भाऊ, कोणाचा जावई, रोज राम-राम होतो त्याच्याशी. एकट्या माणसाने तक्रार केली की तो गावात वाईट होतो. म्हणून हे काम एकट्याचं नाहीच, सगळ्या गावाने मिळून ठरवलं तरच होतं असं मला अगदी मनापासून वाटतं.

आणि होतं हे गडचिरोलीनं दाखवलंय. तिथली दारूबंदी १९९३ ची, ती काही वरून कोणाच्या मनात आली म्हणून आली नाही, गावोगावच्या लोकांनी, खास करून बायांनी कितीतरी वर्षं लावून धरली, डॉ. अभय आणि राणी बंग यांची 'सर्च' संस्था त्यात होती. पण नुसत्या बंदीनं भागत नाही हेही तिथंच कळलं, चोरून येणारी दारू होतीच आणि खर्रा तर घराघरात. मग २०१६ पासून मुक्तिपथ हा दारू-तंबाखू सोडवायचा कार्यक्रम सुरू झाला, सरकार, सर्च आणि टाटा ट्रस्ट मिळून. यात गाव बसतं, बोलतं, गावाची समिती होते, विक्री बंद करायचं गावच ठरवतं, बाया घरोघर जातात, आणि ज्याला सोडायचंय त्याला उपचाराची सोय. आदिवासी गावांच्या ग्रामसभेला तर पेसा कायद्याने नशेच्या पदार्थांवर बंदी घालायचा अधिकारच दिलाय, १९९६ पासून. मला यातलं सगळ्यात पटतं ते हे की नियम मोठ्यांनाही लागतो. बाप खातोय आणि पोराला शपथ, असं नाही.

लांबचं उदाहरण द्यायचं तर आइसलँड. तिथं १९९८ मध्ये १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं गेल्या महिन्याभरात दारू पिऊन झिंगलेली होती, २०१६ ला हा आकडा ५ टक्क्यांवर आला. त्यांनी काय केलं, तर आईबाप एकमेकांशी बोलायला लागले, रात्री पाळीपाळीनं गावात फिरायला लागले, आणि संध्याकाळी पोरांना खेळ, संगीत यासाठी जागा आणि पैसे दिले. आमच्या गावांत संध्याकाळी सहानंतर पोरांनी जायचं कुठं हे कोणी सांगेल का मला, ग्राउंडवर लाइट नाही, वाचनालय बंद, उजेड काय तो पानठेल्यावर. पोट्टे तिथंच जमणार, आणि एका पुडीत चौघं खाणार, चिमूटभर तू घे, चिमूटभर तू घे, सुरुवात अशीच होते.

ठेलेवाल्याच्या पोटाचा प्रश्न खरा आहे, तो टाळून चालणार नाही. त्याचंही घर त्यावरच चालतं. बचत गटाकडून त्याला चहा-नाश्त्यासाठी कर्ज मिळवून देता येईल का, हे त्याला बैठकीत बोलावूनच विचारायला पाहिजे, त्याच्या पाठीमागं नाही. आणि तेरवीत, लग्नात पाहुण्यांपुढं सुपारी-तंबाखूचं ताट फिरतं ते बंद करायला तर कोणाचंच पोट मारलं जात नाही, पैसा लागत नाही, फक्त पहिल्या घरानं हिंमत करायची.

येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हा विषय घ्या, आधी सरपंचांना अर्ज द्या म्हणजे विषयपत्रिकेवर येईल. शाळेतल्या बाईंना, आशाताईंना, बचत गटाला सोबत घ्या, आणि चार-पाच पोरांनाही बोलवा, त्यांना कोण कुठून काय आणतं सगळं माहीत असतं. ज्या मोठ्यांना सोडायचंय त्यांच्यासाठी १८००-११-२३५६ ही सरकारी क्विटलाइन आहे, फोन फुकट लागतो, तो नंबर तिथंच फळ्यावर लिहून टाका.