न खपलेला माल कधी काढायचा? मी तरी मे महिन्यात काढते

जुन्या पण चांगल्या कपड्यांचा रिसेल करणाऱ्या बऱ्याच जणी मला एकच गोष्ट विचारतात, की ताई, माल किती महिने ठेवायचा, सहा ठेवायचा का वर्षभर, आणि मी दरवेळी हेच सांगते की नुसते महिने मोजून काही होत नाही. काळ्या साडीचे सहा महिने आणि कॉटन कुर्तीचे सहा महिने सारखे नसतात ना. काळी साडी संक्रांतीच्या आधी पंधरा-वीस दिवसात उठते, बाकी वर्षभर तिला फारसं कोणी विचारत नाही. पण कॉटन कुर्ती मार्च ते जूनमध्ये नागपुरात पडून राहिली तर समजायचं की त्या कुर्तीतच काहीतरी आहे, कारण पारा ४५ वर गेला की सगळ्यांनाच कॉटन पाहिजे असतं.

म्हणून मी सीझन पाहते. त्या कपड्याचा स्वतःचा एक सीझन पूर्ण गेला, फोटो नीट होते, मापं इंचात लिहिलेली होती (नुसतं एम, एल लिहून काही उपयोग नाही, प्रत्येक कंपनीचा एम वेगळा), आणि तरी उठाव नाही, तर काढून टाकायचा, पडेल भावात का होईना. त्यातही विचारणा आली होती का ते बघायचं. दहा जणींनी इनबॉक्समध्ये येऊन किंमत विचारली आणि सगळ्या गप्प झाल्या तर माल चांगला आहे, भाव जास्त आहे, भाव उतरवा, जाते. कोणी विचारलंच नाही तर एकदा फोटो बदलून पाहते, हँगरवर नाही, कोणीतरी घालून, खिडकीच्या उजेडात. तरीही शांतता असेल तर पन्नास रुपये कमी करा नाहीतर दोनशे, काही फरक पडत नाही, अशा मालाचा भाव उतरवत बसण्यात वेळ जातो फक्त.

आता मे महिनाच का. तर आपल्याकडे जूनच्या मध्यात पाऊस लागतो, आणि आषाढी एकादशीला चातुर्मास सुरू झाला की लग्नसराई थांबते ती तुळशीच्या लग्नापर्यंत. काढीव मुहूर्तावर होतात काही लग्नं, पण त्या भरवशावर धंदा नाही होत. म्हणजे घागरा, शेरवानी, वर्क असलेली जड साडी जे काही जूनपर्यंत गेलं नाही ते सरळ नोव्हेंबरपर्यंत तुमच्या कपाटात, आणि हेच नेमके ओलाव्याचे महिने. कपडा पडून राहिला तर तसाच राहतो असं खूप जणींना वाटते, पण तो तसा राहत नाही. पावसाळ्यानंतर नेटचा घागरा उघडून बघा, आतल्या अस्तराला बारीक राखाडी ठिपके पडलेले असतात, ते बुरशीचे, धुऊनही पूर्ण जात नाहीत, हुकांना गंज धरतो आणि त्याचा तपकिरी डाग ब्लाऊजच्या कापडावर उतरतो. टिकल्या चिकटवलेल्या असतील तर बोट फिरवलं की हाताला येतात. रेक्झिनच्या जॅकेटचे तर पापुद्रे निघतात, न घालताच. डांबरगोळ्या थेट जरीवर ठेवल्या तर ती काळी पडते ते वेगळंच. म्हणजे मे मध्ये जो घागरा पंधराशेला देताना जीवावर येत होतं तो दिवाळीनंतर आठशेलाही कोणी घेत नाही, आणि मधले पाच महिने त्याने कपाटातली सगळ्यात मोठी जागा अडवलेली असते.

पैशाचं पण सांगते कारण खरा प्रश्न तिथेच अडतो. समजा दीडशेच्या दहा कुर्त्या पडून आहेत, मुद्दल पंधराशे. लॉटमध्ये ऐंशीने गेल्या तर आठशे आले, आणि सगळ्यांना तो सातशेचा तोटाच दिसतो. पण त्या आठशेत मी उन्हाळ्यात पाच कॉटन कुर्त्या घेते, चारशेने विकते, दोन हजार होतात, त्यातून धुणं, इस्त्री, पॅकिंग वजा केलं तरी तो सातशेचा खड्डा भरून वर काही उरते. त्या जुन्या दहा कुर्त्या ठेवल्या असत्या तर पंधराशे फक्त वहीत दिसले असते, हातात काहीच नाही. घरून धंदा करणाऱ्या बाईकडे भांडवल असतंच किती, ते फिरलंच पाहिजे. खरेदीची किंमत आठवून माल धरून ठेवू नका, गिऱ्हाईकाला तुमची खरेदी माहीत नसते आणि तिला त्याच्याशी घेणंदेणंही नसते.

सगळा न खपलेला माल मे मध्ये काढायचा असं पण नाही हं. पांढरे कुर्ते, पांढऱ्या साड्या मी कधीच काढत नाही, कारण दसऱ्याला दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी लाखो लोक येतात, पांढरे कपडे घालून, आणि त्याच्या आधी इथे पांढऱ्याला जी मागणी असते ती वर्षात दुसऱ्या कुठल्या वेळी नसते. फक्त ते स्टार्च काढून, धुऊन, पूर्ण वाळवून ठेवायचे, स्टार्चवर कसर लागते, आणि घडीवर पिवळी रेघ येते म्हणून मधून मधून घडी बदलायची. स्वेटर-जॅकेटचं मात्र उलटं, नागपूरची थंडी असते किती, डिसेंबर-जानेवारी, संक्रांत झाली की कोणी हात लावत नाही, ते मे पर्यंत थांबूच नका, जानेवारीतच काढा.

ठेवीवर आलेल्या मालात सगळ्यात जास्त त्रास होतो. विकली गेली तर पैसे, असं ठरवून बाया साड्या देऊन जातात, आणि ती साडी आपली नसते म्हणून आपण ती पडेल भावात काढू शकत नाही. मी घेतानाच सांगते, तीन महिने तुमच्या भावात, मग तुमच्या परवानगीने उतरवून एक महिना, आणि नंतर घेऊन जा. हे व्हॉट्सॲपवर लिहूनच ठेवायचं. मागच्या उन्हाळ्यात एका काकूंना फोन केला की तुमचा शालू परत न्या, तर म्हणाल्या, "अगं बाप्पा, आईचा आहे तो, असू दे ना तुझ्याकडेच, कोणी घेईलच एखादी पोट्टी." मला वाईट वाटलं खरंच. पण सिल्क घडीवर चिरत जाते, माझ्या कपाटात त्या शालूला कोणी हौसेनं उलगडून बघणार नव्हतं, त्यांच्या घरी कोणीतरी बघेल. मीच नेऊन दिला.

काढायचं म्हणजे कुठे, तर आधी माझ्याच गिऱ्हाइकांना तीन कुर्त्या पाचशेत वगैरे, मग उरलेला लॉट आठवडी बाजारात बसणाऱ्यांना, ते गठ्ठ्याने घेतात आणि एकेक नग उजेडात धरून बघतात, त्यामुळे फाटका माल आत सरकवायचा नाही. फाटकं सुती असेल तर गॅरेजवाले किलोने घेतात, पुसायला, त्यांना पॉलिस्टर चालत नाही कारण ते सुतीसारखं टिपत नाही. मऊ साड्या गोधडीला. बाकी भांडेवालीला. आणि कोणाला द्यायचेच असतील तर धुतलेले, बटणं लावलेले द्या, जे आपण स्वतः घालू शकू असेच.

यंदा माझ्याकडे एक करवतकाठी आहे, आपल्या विदर्भाची, टसरची, काठाला करवतीचे दाते विणलेली. तीही बरेच दिवसांची आहे आणि विचारणाही कमीच आहे. पण ती मी लॉटमध्ये टाकणार नाही, ओळखणारं गिऱ्हाईक कमी असते पण ते आलं की घासाघीस करत नाही. बाकी शेरवान्या आणि वेल्वेटचे ब्लाऊज या आठवड्यात जाऊन राहिलेत.