पीठ पेरून

मार्च सरत आला की इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या आमच्या गल्लीला स्वयंपाकघराचा वास येतो. कांदा चिरून ठेवलाय, कढई तापायचीय, तसा. पहिल्या वर्षी मी शेजारच्या खिडक्यांकडे बघत राहिलो. शेवटी बूट उचलून पाहिला, तर तळाला चुरडलेली हिरवी पात!

बांधावर पांढरी फुलं, सगळी एकाच बाजूला माना टाकलेली. प्रत्येक पाकळीच्या मधोमध एक हिरवी रेघ. दांडा चिमटीत फिरवून पाहिला तर तीन कडा बोटांना लागल्या. त्या कडांवरूनच स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 साली नाव दिलं, अलियम ट्रायक्वेट्रम. आपण त्याला तिधारी कांदा म्हणू. मूळ गाव भूमध्य समुद्राचा पश्चिम काठ: स्पेन, पोर्तुगाल, मोरोक्को, अल्जीरिया. तिकडचा उन्हाळा कोरडा, म्हणून हिवाळ्याच्या पावसात वाढायचं, वसंतात फुलायचं आणि ऊन तापायच्या आत जमिनीखालच्या इवल्या कांद्यात जाऊन झोपायचं. इथे कसला आलाय उन्हाळा! तरी जूनपर्यंत पात पिवळी पडून आडवी होतेच. सवय. मीही मे महिन्यात इथे हापूस शोधत फिरतो.

बी काळं, त्याला तेलकट खाऊ चिकटलेला. मुंग्या बी ओढून नेतात, खाऊ खातात आणि बी टाकून देतात. पुढच्या वर्षी तिथे नवी पात. इंग्लंड-वेल्समध्ये 1981 च्या वन्यजीव कायद्याच्या यादीत हा कांदा आहे. मोकळ्या रानात तो पेरणं, लावणं गुन्हा. मुंग्यांना नोटीस कोण बजावणार?

मी आपला खुडून आणतो. ब्लूबेल या निळ्या रानफुलाची पात शेजारीच असते, ती विषारी; तिला कांद्याचा वास नाही. पण चार पाती खुडल्या की वास बोटांनाच लागतो, मग काहीही चोळा, कांदाच! म्हणून फुलावर आलेलीच घेतो, तीन कडा चाचपून.

परवा मोहरी-हळदीच्या फोडणीत जुडीभर टाकली, तर कढईत नुसतं पाणी. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं.

"अरे, मग वरून पीठ पेर की."

सरकार म्हणतं पेरू नका, आई म्हणते पेर. दोन मुठी बेसन पेरलं आणि झाकण ठेवलं.