तुम्ही विचारलेत म्हणून: ‘म्हणजे दुखणे मनाचेच होते ना?’

‘नुसते अंग सैल सोडून बरे वाटते, म्हणजे तुमचे दुखणे मनाचेच होते ना?’ हा प्रश्न इतक्या जणांनी, तोही आपुलकीने, विचारला आहे की आता एकदा सविस्तर लिहिलेलेच बरे. मुळात मी बरी झालेले नाही. कंबर आजही दुखते.

मी करते तो व्यायाम म्हणजे एकेक स्नायू आधी आवळून मग सैल सोडणे. एडमंड जेकबसन या अमेरिकी डॉक्टरांनी 1920च्या दशकात ही पद्धत मांडली, तीही कल्पनेच्या भरवशावर नव्हे. स्नायूंतील अतिसूक्ष्म विद्युत हालचाल त्यांनी पुढे उपकरणांनी मोजली. मूठ 5 ते 7 सेकंद आवळायची, एकदम सोडायची आणि अर्धा मिनिट तिच्याकडे नुसते लक्ष द्यायचे. मग दंड, कपाळ, जबडा, खांदे, असे पोटऱ्यांपर्यंत. दुखऱ्या जागेला जपण्यासाठी भोवतालचे स्नायू आखडतात, आखडून तेही दुखू लागतात आणि त्या दुखण्याने आणखी आखडतात. मला सैल करता येते ते एवढेच.

एका रात्री कूस बदलताना अशी कळ आली की श्वास अर्ध्यावर अडकला. पुढच्या गोळीला अवकाश होता, म्हणून मुठींपासून सुरुवात केली. कंबर वगळली, कारण दुखरी जागा जोराने ताणायची नाही, असे शिकवणाऱ्यांनी बजावले होते. कपाळापर्यंत काहीच घडले नाही. जबड्याशी आल्यावर कळले की दाढा आधीच इतक्या घट्ट मिटल्या आहेत की आणखी आवळायला वावच नाही. जबडा सोडला, जीभ टाळूपासून सुटली आणि खांदे आपोआप खाली आले. आता उतार पडेल, असे वाटत असतानाच कळ उलट अधिक स्पष्ट झाली. एरवी पाठभर पसरलेले दुखणे मणक्याच्या डावीकडे, तळहाताखाली मावेल एवढ्या जागेत उरले होते, आणि तेथे ते तसूभरही कमी नव्हते. मी घाबरले, रडले आणि रडताना जबडा पुन्हा आवळला गेला, तेव्हा पुन्हा मुठींपासून सुरुवात केली. पहाटे डोळा लागला, तो व्यायामामुळे की थकव्यामुळे, हे मला सांगता येणार नाही.

मनाचेच असते, तर अंग सैल पडल्यावर ते उरलेले दुखणेही विरायला नको होते का? हा युक्तिवाद मी अनेकदा केला आहे, आणि तो पुरेसा नाही, हेही मला ठाऊक आहे, कारण धास्ती वाटली की माझे अंग आखडते, हे मी रोज पाहते. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही 2020च्या सुधारित व्याख्येत वेदनेला संवेदनेचा आणि भावनेचा, असा दुहेरी अनुभव म्हटले आहे. पूर्वीची मी या साऱ्याला स्वतःची समजूत घालणे म्हणत असे, आणि व्यायामाचा काडीचाही उपयोग होत नाही त्या दिवशी मला तिचे म्हणणे खोडता येत नाही. गोळ्या आणि फिजिओथेरपी दोन्ही चालू आहेत.