स्वमग्न मुलाचं संवादकौशल्य तपासताना: माझा अनुभव

मी नाशिकमध्ये शाळकरी मुलांसाठी स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करते. माझ्यापर्यंत येणाऱ्या फायलीत 'इसा'चे (ISAA, स्वमग्नता म्हणजे ऑटिझम मोजण्याची भारतीय मापनश्रेणी) गुण बहुधा असतातच: ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण, बेरीज ७०च्या खाली असेल तर स्वमग्नता नाही. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी ती बेरीज लागते. मूल गप्पांत नेमकं कुठे अडतं, हे मात्र तिच्यातून कळत नाही.

श्रवणचाचणी झाली नसेल तर आधी ती. घरी मराठी आणि शाळेत इंग्रजी असेल, तर दोन्ही भाषांत बघते. बाईंना 'तू' म्हणणं इंग्रजीत दिसणारच नाही.

मग पालकांच्या परवानगीने १५-२० मिनिटांच्या गप्पा रेकॉर्ड करते. यात प्रश्न शक्यतो विचारत नाही. "काल द्वारका चौकात माझी गाडी बंद पडली," एवढंच म्हणायचं आणि मनात दहापर्यंत मोजायचं. हे मोजणंच कठीण! मोठ्यांना शांतता सोसवत नाही. ती लगेच पुढचा प्रश्न टाकतात, मूल चोख उत्तरं देतं आणि अहवालात 'संभाषण उत्तम' येतं. मध्येच एखादं वाक्य मुद्दाम पुटपुटते. मूल "काय?" विचारतं का? मला समजलं नाही म्हटल्यावर शब्द बदलून सांगतं, की तेच वाक्य मोठ्याने? रेल्वेवर भरभरून बोलणं हा दोष धरत नाही. "मला कसाऱ्याच्या पुढचं काही माहीत नाही" म्हटल्यावर ते सांगणं सोपं करतं का, एवढं बघते. आई शेजारी नको, "त्याला म्हणायचंय की..." असं म्हणून ती नकळत गाळलेल्या जागा भरते.

खरी परीक्षा मधल्या सुट्टीत. लांब उभी राहून दर ३० सेकंदांनी खूण करते: एकटा, शेजारी, सोबत. त्याच वेळी वर्गातल्या दुसऱ्या एका मुलाचीही नोंद ठेवते, नाहीतर तुलना कशाशी करणार? मुली इथे हमखास सुटतात. घोळक्याच्या कडेला उभ्या राहतात, इतरांसोबत हसतात, पण स्वतःहून काही सुरू करत नाहीत. शिक्षक म्हणतात, काहीच त्रास नाही.

'डोळ्यांत बघून बोलेल' हे उद्दिष्ट मी लिहीत नाही. नजर दुसरीकडे असताना नीट ऐकणारी मुलं पुष्कळ आहेत. त्याऐवजी: 'गणिताच्या तासाला न समजल्यास स्वतःहून "परत सांगा" म्हणेल.' नोंद वर्गशिक्षकांनी ठेवायची. काही महिन्यांनी फेरतपासणीत विषय नवे घेते, कारण गाडीच्या वाक्यावर काय म्हणायचं ते तोवर पाठ झालेलं असतं.