तुम्ही विचारलंत म्हणून: गाणं गायकाचं, मग प्रोड्यूसरचं काय?

“दादा, पोराचं गाणं चालवून द्याल ना?”

धुळ्यात, देवपुरात माझी रेकॉर्डिंगची खोली आहे. साक्रीहून, शिरपूरहून, पारोळ्याहून माणसं येतात. बहुतेक वेळा बाप सोबत असतो. कपाशीचे पैसे नुकतेच हाती आलेले असतात, पोराच्या खिशात पेनड्राइव्ह असतो, त्यात कुठून तरी करून आणलेला ट्रॅक, म्हणजे गाण्यामागचं तयार वाजवणं असतं, आणि चपला काढायच्या आधीच हा प्रश्न येतो. गाणं चाललं, की तोच पोरगा महिन्या-दोन महिन्यांनी दुसरा प्रश्न घेऊन येतो. “गानं त मी म्हनं भाऊ, मंग तुम्ही काय करं?” गाणं तर मी म्हटलं, मग तुम्ही काय केलंत? त्यात राग नसतो, त्याला खरंच कळत नाही. दोघांनाही आजवर उभ्या उभ्या काहीतरी सांगून मी वेळ मारून नेली. आज नीट सांगतो.

आधी नावाचा घोळ मिटवू. प्रोड्यूसर म्हटलं की आपल्याकडे सिनेमाला पैसा लावणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. रेकॉर्डचा प्रोड्यूसर वेगळा. गायक काचेपलीकडे गात असतो तेव्हा हा अलीकडे बसून ऐकतो. कोणता टेक, म्हणजे गाऊन पाहिलेली कोणती खेप ठेवायची, कोणती टाकायची, लय वाढवायची की उतरवायची, बासरी हवी की नको, हे त्याने सांगायचं. आपल्या सिनेसंगीतात हे काम वाटलं गेलं. चाल संगीतकाराची, वाद्यमेळ सबॅस्टियन डिसूझा किंवा अनिल मोहिले यांच्यासारख्या संयोजकांचा, आवाज पकडायचा ध्वनिमुद्रकाने. काम झालं, पण एका माणसाकडे बोट दाखवता येईना, म्हणून लोकांच्या तोंडी त्याला नावच राहिलं नाही. एचएमव्ही या रेकॉर्ड कंपनीत जी. एन. जोशी होते. स्वतः भावगीतं गाणारे. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरांची गिटार एकत्र आणणारी ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही १९६७ ची रेकॉर्ड त्यांच्या हाताखाली झाली. ती रेकॉर्ड देशाबाहेरही पुष्कळ ऐकली गेली. वादकांना सगळे ओळखतात. जोशींचं नाव काढलं की गाण्याबजावण्यातली माणसंसुद्धा गप्प होतात, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

हे काम म्हणजे नेमकं काय, ते मला अमेरिकेतल्या मेम्फिसच्या एका गोष्टीतून कळलं. ५ जुलै १९५४ ची रात्र. सॅम फिलिप्स या प्रोड्यूसरचा लहानसा स्टुडिओ. एकोणीस वर्षांचा, ट्रक चालवणारा एल्विस प्रेस्ली हळुवार गाणी म्हणून बघतोय आणि एकही जमत नाहीये. दमून सगळे थांबले. तेवढ्यात पोराने सहज, मस्करीत, एक जुनं ब्लूज गाणं उड्या मारत सुरू केलं. गिटारवाला आणि बासवाला त्याच्यामागे निघाले. फिलिप्सने आतून डोकं बाहेर काढून विचारलं, हे काय चाललंय? ते म्हणाले, आम्हालाच माहीत नाही. तो म्हणाला, मागे जा, कुठून सुरू करायचं ते ठरवा आणि पुन्हा वाजवा. फिलिप्सने त्यात एक सूर लावला नाही की एक शब्द लिहिला नाही. ज्याला ती तीन पोरं टवाळकी समजत होती ते गाणं आहे, हे ओळखणारा त्या जागेत तो एकटा होता.

कधी कधी काम याहूनही छोटं असतं. इंग्लंडच्या बीटल्स या बँडचं ‘प्लीज प्लीज मी’ आधी संथ होतं. त्यांचा प्रोड्यूसर जॉर्ज मार्टिन याने लय वाढवायला सांगितली, १९६२ च्या नोव्हेंबरात ते तसं रेकॉर्ड झालं आणि त्या पोरांचं पहिलं मोठं यश ठरलं. लय वाढवायला सांगणं एका वाक्याचं काम आहे. पण ते वाक्य सुचायला गाणं बाहेरून ऐकावं लागतं, आणि गाणाऱ्याला ते जमत नाही. तो गाण्याच्या आत असतो.

आपल्या खान्देशाला तर हे शिकवायलाच नको. आसोद्याच्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. ओव्या घरोट्यावर सुचायच्या, शेतात सुचायच्या आणि म्हणता म्हणता हवेत जायच्या. घरातल्यांनी त्या वेळोवेळी कागदावर उतरवल्या म्हणून राहिल्या. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या, त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये पुस्तक आलं. गाणी सगळी बहिणाबाईंची. तरीही वही धरणारा आणि ती छापायलाच हवी म्हणून हटून बसणारा, ही दोन माणसं मधे नसती तर आज आपण काय म्हणत असतो?

आता माझ्या खोलीतली गोष्ट. काही वर्षांपूर्वी श्रावणाच्या तोंडावर शिंदखेड्याकडच्या एक मावशी आल्या. आमच्या खान्देशातल्या कानबाई देवीच्या जागरणाला त्या पस्तीस वर्षं गाणी म्हणत आलेल्या. मुलाला वाटलं, आईचं एक गाणं रेकॉर्ड करावं. त्याने आणलेला ट्रॅक काळी पाच या उंच पट्टीत होता आणि ठेका डीजेवरचा, धाडधाड. मावशींच्या कानाला हेडफोन लावला, माइकसमोर उभं केलं. आवाज वर चढला, ताणला, चिरकला. आठ टेक झाले. नवव्याला त्या म्हणाल्या, “थांब भाऊ, जराशी बसते.” भिंतीला टेकून त्या खाली बसल्या, हेडफोन गळ्यात ओढला, पाणी प्यायल्या, आणि पदराने तोंड पुसून तेच गाणं स्वतःशी गुणगुणायला लागल्या. उजवा हात मांडीवर ठेका धरत होता. मी कॅसिओवर हलकेच सूर दाबून पाहिला. पांढरी पाच. म्हणजे ट्रॅकच्या तीन सूर खाली. लयही जवळजवळ निम्मी. आणि ‘माय’ या शब्दावर आवाज किंचित अडकत होता, दाराला बोट लागल्यावर ते करकरत थांबावं तसा. आठही टेकमध्ये ते अडकणं कुठेच आलं नव्हतं.

मी एसी बंद केला, माइकचा स्टँड खाली करून त्यांच्या गुडघ्यापाशी सरकवला आणि रेकॉर्डिंग चालू केलं. त्यांना म्हटलं, “मावशी, तुम्ही बसूनच म्हणा, कोणाला ऐकवायचं नाहीये.” त्या बसून म्हणाल्या. एका दमात, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

पेनड्राइव्हवरचा ट्रॅक मी बाजूला ठेवला. दोन दिवसांनी ओळखीच्या ढोलकीवाल्याला बोलावून मावशींच्या आवाजावर वाजवून घेतलं, सोबत टाळ, बाकी काही नाही. मुलगा नाराज झाला. “हे डीजेवर वाजणार नाही, दादा.” त्याचं खरं होतं, डीजेवर ते कधीच वाजलं नाही. पण कानबाईच्या दिवसांत ते एका मोबाइलवरून दुसऱ्या मोबाइलवर गेलं, आणि पुढच्या श्रावणात त्या बाजूच्या दोन-तीन गावांत कानबाईचे रोट, म्हणजे नैवेद्य मांडताना बायका ते त्याच पट्टीत, ‘माय’वर तसंच अडकून म्हणत होत्या. मला हे मुलानेच फोन करून सांगितलं. तो जे अडकणं म्हणतो ना, ते माझं काम. मी निर्माण केलं नाही, मी ते पुसू दिलं नाही.

पुसल्यावर काय होतं तेही मी पाहिलंय, कारण ते माझ्याच हातून झालं. एका तरुण पोराचा आवाज थोडा नाकात, थोडा खरखरीत होता. मी संगणकावर एकेक सूर ओढून सरळ केला, चालणाऱ्या गाण्यांचा ठेका खाली टाकला. त्या लग्नसराईत गाणं जोरात चाललं, प्रत्येक वरातीत वाजलं. मग तो गावोगावी स्टेजवर उभा राहिला आणि लोक म्हणायला लागले, हा आवाज तो नाही. दुसरं गाणं चाललं नाही, तिसरं त्याने केलंच नाही. यश मिळालं होतं ते माझ्या ठेक्याला, त्याच्या गळ्याला नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

काचेअलीकडे बसून ऐकणारा प्रोड्यूसर नेहमी बरोबर असतो असंही नाही. मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’ अल्बमच्या वेळी, १९८२ मध्ये, ‘बिली जीन’ची सुरुवातीची वाजवणूक फार लांबते, कापू, असं त्याचा प्रोड्यूसर क्विन्सी जोन्सचं म्हणणं होतं. जॅक्सन म्हणाला, तीच ऐकून मला नाचावंसं वाटतं. क्विन्सी जोन्स केवढा मोठा माणूस, पण त्याने ऐकलं. ती सुरुवात तशीच राहिली, आणि आज ते गाणं त्या सुरुवातीवरूनच ओळखतात. ज्याला नाचायचंय त्याला पाय कुठे उचलतो ते विचारावं, एवढं मी त्यातून घेतलं.

तेव्हा काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की चालवून देणं माझ्या हातात नाही. पोराला घेऊन या, ट्रॅक आणू नका. संध्याकाळी या, तेव्हा रस्त्यावरची वर्दळ कमी असते. शेतातून परत येताना मोटारसायकलवर तो जे म्हणतो ते त्याला म्हणू द्या, पहिला तासभर मी काही रेकॉर्ड करणार नाही आणि त्या तासाचे पैसेही घेणार नाही. आणि तो गात असताना तुम्ही बाहेरच्या बाकावर बसा. बाप समोर असला की पोरं वरच्या पट्टीत गातात.