डायव्हर्टिक्युलायटिस परवडला, तो डाएट चार्ट नको

ॲडमिट, सलाईन, अँटिबायोटिक, सगळं नीट झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पोटात डावीकडे खाली दुखत होतं, ताप होता, सीटी स्कॅनमध्ये निघालं की मोठ्या आतड्याला बाहेरून जे बारीक फुगे येतात त्यांना सूज आलीय, हाच तो डायव्हर्टिक्युलायटिस. माझं डोकं फिरलं ते डिस्चार्जच्या दिवशी.

जळगावातलं हॉस्पिटल, नाव नाही घेत. फाईलीत एक झेरॉक्स कागद. वर 'हाय फायबर डाएट', खाली 'फायबर टाळा, हलकं खा'. एकाच कागदावर! ओट्स, ब्रोकोली, ऑलिव्ह ऑइल. अमळनेरच्या बाजारात ब्रोकोली शोधत कोण फिरणार? आणि तळाला पेनाने: वांगी, टमाटे, शेंगदाणे, तीळ बंद. भर हिवाळ्यात, भरताच्या सीझनमध्ये खान्देशातल्या माणसाला वांगी बंद!

विचारायला गेलो तर सिस्टर म्हणे डायटिशियन मॅडमना विचारा, त्या ओपीडीत बसतात. ओपीडीत गेलो तर म्हणे नंबर लावा. नंबरच्या खिडकीवर म्हणे तुम्ही ॲडमिट पेशंट, तुमचा नंबर लागत नाही, वॉर्डातून फोन यायला पाहिजे. परत वॉर्डात, तर तोवर फाईलीवर डिस्चार्जचा शिक्का पडलेला, म्हणे आता तुम्ही आमच्याकडे नाही, ओपीडीत जा. बायको औषधांची पिशवी मांडीवर घेऊन बाकड्यावर, मी पोट धरून जिना चढतोय उतरतोय. शेवटी मॅडम जिन्यातच भेटल्या, कागद पाहिला न पाहिला, "चार्टमध्ये सगळं लिहिलंय ना काका", आणि गेल्या. म्हणून सांगतो, डायटिशियनला आदल्या दिवशीच वॉर्डात बोलवून घ्या, शिक्का पडायच्या आत.

घरी आई विचारते, "आते तुले काय देऊ खावाले?" काय सांगणार?

फॉलोअपला डॉक्टरांनी दोन मिनिटांत उलगडा केला. ती दोन वेगळ्या वेळांची जेवणं आहेत. सूज असताना आधी नुसतं पातळ, म्हणजे गाळलेलं वरणाचं पाणी, नारळपाणी, मग पेज, मऊ भात, ताक, साल काढून शिजवलेला दुधी. तेव्हा फायबर कमी. दुखणं पूर्ण थांबलं की मग फायबर वाढवायचं, पण हळूहळू, एकदम वाढवलं की पोट ढोलासारखं फुगतं. शेवटी रोजचं २५ ते ३० ग्रॅमपर्यंत जायचं, आणि सोबत पाणी भरपूर, नाहीतर उपयोग नाही.

आता गंमत बघा, १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम फायबर असतं, आणि कळण्याच्या भाकरीत तर सालासकट उडीद पण. म्हणजे ओट्सचा बाप घरच्याच डब्यात. मी आधी अर्धी भाकरी ताकात कुस्करून, मग हळूहळू पूर्ण. शेवभाजी आणि ठेचा मात्र बरेच दिवस लांब ठेवला, तिखट-तेलकट मला सोसत नव्हतं.

बियांचं विचारलं तर डॉक्टर हसले. बिया त्या फुग्यांत अडकतात ही जुनी समजूत. २००८ मध्ये अमेरिकेत सुमारे ४७ हजार पुरुषांच्या अभ्यासाचा निकाल आला, १८ वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं होतं, दाणे-पॉपकॉर्न खाणाऱ्यांना हा त्रास जास्त झाला नाही, उलट थोडा कमीच. हे ऐकून मी त्याच संध्याकाळी वांगी आणली.

अजून एक राहिलं, अंगदुखीला आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मनाने घेऊ नका, त्याने हा त्रास वाढू शकतो. लाल मटणही कमी केलंय. आणि परत ताप, उलट्या किंवा संडासवाटे रक्त दिसलं तर पेज पीत घरी बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

सूज उतरल्यावर सहा-आठ आठवड्यांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे कॅमेऱ्याने मोठं आतडं आतून तपासणं, सांगतात, मलाही सांगितलीय. तिच्या आधी काही दिवस बिया, दाणे, साली खरंच बंद, कॅमेऱ्याला नीट दिसत नाही म्हणून. तेवढ्यापुरतं भरीत सोडायला माझी हरकत नाही.