आमची वाटचाल : पाटीपासून टेपरपर्यंत

धुळ्यात आमची सुरुवात पाट्या रंगवण्यापासून झाली. सुरत-नागपूर महामार्गाचं चौपदरीकरण खान्देशात सुरू झालं तशी ‘काम चालू आहे’ची मागणी वाढली. पाटी द्यायची, बिल घ्यायचं. ती उभी राहायची मात्र थेट खड्ड्याच्या तोंडाशी. म्हणून पाटीसोबत कामाच्या जागी पाट्या, कोन, बॅरिअर यांची मांडणीही अंगावर घेतली. आज धंदा मुख्यतः तोच आहे.

मांडणी इंडियन रोड्स काँग्रेसच्या एसपी ५५ प्रमाणे, म्हणजे रस्त्याच्या कामाजवळच्या वाहतुकीसाठीच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे करतो. गाड्या ताशी ८१ ते १०० किलोमीटरने येत असतील तर सूचना ३०० ते ५०० मीटर आधीपासून, आणि लेन मिटवणारी कोनांची (रस्त्यावर ठेवायच्या शंकूंची) तिरकी रांग, म्हणजे टेपर, १०० ते २०० मीटर. ठेकेदाराला टेपर कायम लांबच वाटतो. तो आखूड केला की ट्रकवाला ऐनवेळी कट मारतो, मागचा करकचून ब्रेक दाबतो आणि सगळं झेंडेवाल्याच्या अंगावर येतं. टेपर आणि काम यांच्यामधली मोकळी जागा मोकळीच ठेवायची. नेमका तिथेच डंपर लावायचा मोह सगळ्यांना होतो. कोन मांडताना रहदारीच्या दिशेने पुढे जायचं, उचलताना उलट, कामाकडून सुरुवात करायची. झेंडा किमान ६० बाय ६० सेंटिमीटर, दांडा मीटरभर.

बॅरिअरचं दुखणं वेगळं. प्लॅस्टिकच्या पोकळ बॅरिअरला वजन पाण्याचं. बूच सैल असलं की पाणी झिरपून जातं, वैशाखात कोणी ते मुद्दामही काढून नेतं. मग कंटेनर शेजारून गेला की रिकामा बॅरिअर सरकत लेनमध्ये येतो. म्हणून आमचा माणूस रोज बॅरिअर हलवून बघतो. हातानं हलला तर भरायचा. कोनावर दगड ठेवू देत नाही. धडकेत तोच उडतो. बुडाशी वाळूची पिशवी पुरते.

काळ्या मातीच्या डायव्हर्जनवर धूळ एवढी उडते की संध्याकाळपर्यंत रिफ्लेक्टिव्ह पट्टी मातकट होते, अंधारात कोन दिसतच नाही. अंधार पडायच्या आत ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचे, डायव्हर्जनवर पाणी मारायचं. चैत्रात सप्तशृंगीला निघालेले पायी भाविक रात्री चालतात. त्यांच्यासाठी गाड्यांच्या लेनपासून वेगळी, बॅरिअरआडची वाट ठेवावी लागते. हे नकाशावर कुठेच नसतं.

काम थांबलं की पाटी झाकायची किंवा काढायची. काम नसताना ‘ताशी ४०’ लिहिलेलं दिसलं की पुढच्या खऱ्या पाटीकडेही कोणी बघत नाही.

दर सांगताना आता सामान वेगळं आणि देखभाल वेगळी लिहितो. रात्रपाळीची दोन माणसं, फिरती गाडी, चोरीला जाणारे ब्लिंकर (लुकलुकणारे दिवे) आणि त्यांच्या बॅटऱ्या दुसऱ्या आकड्यात. घासाघीस त्याच आकड्यावर होते. तो खाली आणायचा असेल तर काम सोडतो.